ॲनिमेच्या रिमेकवरची तक्रार नेमकी कशाची?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी ॲनिमेपटांच्या, म्हणजे तिकडच्या रेखाटलेल्या चित्रपटांच्या, हॉलिवूडी लाइव्ह-ॲक्शन (खऱ्या नटांच्या) आवृत्त्यांवर लेख आला आहे. ‘काहीही करा, हे चाहते रडणारच’ असा त्याचा एकूण सूर. ठाणे आणि नवी मुंबईत ॲनिमे पाहणारी, ॲनिमेशनवर पोट असणारी, कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठी, रात्र रात्र फोम कापत बसणारी मंडळी आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. त्यांची तक्रार ऐकली तर ती चांगलीच नेमकी असते. कोणत्या प्रसंगात, कोणत्या निर्णयापाशी गाडी घसरली, हे ती बोट ठेवून सांगतात. ते बोट कुठे पडते एवढे सांगण्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे. कापायचेच झाले तर तपशील ठेवा, आमचे शेरे कापा.

सुरुवात ‘घोस्ट इन द शेल’पासून करणे भाग आहे. मासामुने शिरो यांची मांगा (जपानी चित्रकथा) १९८९ मध्ये सुरू झाली. मामोरू ओशी यांनी १९९५ मध्ये तिच्यावर जेमतेम ८३ मिनिटांचा ॲनिमेपट केला. रूपर्ट सँडर्स यांची हॉलिवूड आवृत्ती २०१७ ची, नायिका स्कार्लेट जोहान्सन. सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून जगभरात १७ कोटींच्या आसपास गल्ला जमला. निम्म्याच्या आसपास रक्कम चित्रपटगृहांकडे जाते आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो, हे धरले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. आपल्या लेखाने याचे कारण एका ओळीत उरकले: गोरी नटी घेतली म्हणून आरडाओरड झाली.

आरडाओरड झाली हे खरे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. मेजरचे (कथेच्या नायिकेला याच नावाने ओळखतात) शरीर कारखान्यात बनलेले आहे, ते तिचे जन्माचे नाहीच, तेव्हा नटीच्या वंशावरून वाद कशाला, असे खुद्द ओशी यांनी म्हटले होते. त्यांच्या ॲनिमेपटातले शहरसुद्धा टोकियो नसून हाँगकाँगवरून रेखाटलेले आहे. शिवाय मूळ मांगातली मेजर थट्टामस्करी करणारी, ओशींची मेजर मात्र गंभीर. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तोही एक बदलच होता आणि चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. नुसत्या निवडीवर दोन्ही बाजूंनी बोलता आले असते.

घात केला तो पटकथेने. २०१७ च्या चित्रपटात उत्तरार्धात उलगडा होतो, की मिरा किलियन या नावाने वावरणारी ही मेजर म्हणजे प्रत्यक्षात मोतोको कुसानागी नावाची जपानी मुलगी. कंपनीने तिला पळवले, मेंदू काढून या शरीरात बसवला आणि जुन्या आठवणी पुसून खोट्या भरल्या. बाहेर ज्या गोष्टीवरून वाद पेटला होता, नेमकी तीच पटकथेने आत ओढून आणली आणि खलनायकाचा गुन्हा म्हणून मांडली. बरे, मांडली तर तिचा शेवट तरी लावावा. शेवटी मुलगी आईला भेटते आणि त्याच गोऱ्या शरीरात पुन्हा कामावर रुजू होते. ज्यांना निवड खटकली नव्हती त्यांनाही हे खटकले. हा राग नटीवर नाही. लेखकाने स्वतः विचारलेल्या प्रश्नाकडे पाठ फिरवली, त्याचा आहे.

मूळ चित्रपटातला प्रश्नच निराळा. तिथे मेजरचा भूतकाळ कुणी चोरलेला नाही. सगळे शरीर यंत्राचे असताना आत ‘मी’ म्हणून काही उरते का, ही तिची शंका, आणि तिच्यासमोर उभा राहतो तो आपण जिवंत आहोत असा दावा करत राजकीय आश्रय मागणारा एक संगणकीय प्रोग्राम. शेवटी ती त्याच्यात मिसळून जाते. हे उत्तर कुणालाच सोपे वाटत नाही. नव्या चित्रपटात ‘मी कोण’ याचे उत्तर आईच्या घराच्या पत्त्यासारखे हाती येते.

आणि हे सगळे करताना वरचे कवच मात्र तंतोतंत उतरवले. इमारतीवरून मागच्या मागे झेप, घोट्याएवढ्या पाण्यात अदृश्य राहून केलेली मारामारी, रणगाड्याशी झुंज, सगळे आहे. यातला रणगाड्याचा प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. १९९५ च्या चित्रपटात तो एका पडक्या संग्रहालयात घडतो. भिंतीवर उत्क्रांतीचा वृक्ष कोरलेला आहे. रणगाड्याच्या गोळ्यांची रांग त्या वृक्षावर खालून वर चढत जाते आणि माणसाच्या नावापाशी येऊन थांबते. मग मेजर रणगाड्याचे झाकण उपटायला जाते, तिचे स्नायू फुगतात आणि हात खांद्यापासून तुटून पडतात. एका शब्दाचा संवाद नाही, पण चित्रपट काय विचारतो आहे ते सगळे त्या भिंतीवर आहे. नव्यात रणगाडा आला, हात तुटणेही आले, भिंत मागे राहिली. ‘कॉपी केली पण कळली नाही’ असे चाहते म्हणतात ते याला.

तीच गत शहराच्या त्या प्रसिद्ध तुकड्याची. चित्रपटाच्या मध्यावर तीनेक मिनिटे कथा थांबते. पाऊस, कालवे, पाट्या, दुकानातले पुतळे, खिडकीत बसलेली मेजरच्याच चेहऱ्याची दुसरी बाई, आणि संगीतकार केंजी कावाई यांचे ते कोरस गायन. निर्मात्याच्या नजरेने ही तीन मिनिटे फुकट गेली. २०१७ मध्ये शहर इमारतीएवढ्या होलोग्रामनी भरून काढले आणि कावाईंची ती रचना गेली श्रेयनामावलीला. म्हणजे लोक खुर्चीवरून उठून पार्किंगचे तिकीट शोधत असताना.

मराठी वाचकाला हे समजावायला टोकियोपर्यंत जायला नको. ‘सैराट’ (२०१६) चा ‘धडक’ (२०१८) झाला तेव्हा गाव उठून उदयपूरला गेले, ‘झिंगाट’ची चाल तीच राहिली आणि जात जवळजवळ पुसली गेली. तेव्हा इथल्या प्रेक्षकाने नाराजी बोलून दाखवली. त्याला कुणी रडारड म्हटले नव्हते.

आता तंत्राचे बोलू. आपल्या लेखात त्याला स्पर्शही नाही, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. ॲनिमेत, विशेषतः मालिकांच्या बजेटमध्ये, एक चित्र बऱ्याचदा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला ८ चित्रे. वेगवान हालचालीला दोन फ्रेमला एक, म्हणजे १२. प्रत्येक फ्रेमला नवे चित्र ही चैन क्वचितच परवडते. पात्र बोलत असेल तर पुष्कळदा चेहरा तसाच ठेवून तोंडाचा थर तेवढा बदलायचा: बंद, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. बाकी सगळे स्थिर. पाहणाऱ्याला ही स्थिरता सवयीची असते आणि चांगला दिग्दर्शक तिचा अर्थ लावायला शिकवतो. ओशींची मेजर पापणीसुद्धा क्वचितच लववते, त्यामुळे ती बाहुली आहे की बाई, ही शंका प्रेक्षकाच्या मनात आपोआप येते.

हाच चार सेकंदांचा थांबा जिवंत नटाला द्या. त्याचा श्वास चालू असतो, गळ्याची घाटी हलते, डोळ्यांत दिव्यांची तिरीप असते. चार सेकंद तो तसाच राहिला तर वाक्य विसरला असे वाटते. दिग्दर्शक घाबरतो. मग तो तीनपैकी एक करतो: लवकर कट मारतो, कॅमेरा हलवतो किंवा पात्राच्या तोंडी एक वाक्य घालतो. तिन्ही उपायांनी तो थांबा मरतो. तिसऱ्याने तर चित्राने न बोलता सांगितलेले आता मोठ्याने सांगितले जाते. ‘रिमेकमध्ये फार समजावून सांगतात’ ही तक्रार हमखास येते, ती यातून. लेखक मठ्ठ असतो असे नव्हे. माध्यम बदलले की मौनाची किंमत बदलते आणि तिची भरपाई आधी पटकथेतच करावी लागते, संकलनाच्या टेबलावर नाही.

केसांचे घ्या. ॲस्ट्रो बॉय या जुन्या जपानी चित्रनायकाच्या डोक्यावरची केसांची दोन टोके समोरून पाहा, बाजूने पाहा, दोन्ही दिसतातच. खऱ्या वस्तूत हे भूमितीलाच मान्य नाही. चित्रकार प्रत्येक कोनासाठी केस नव्याने काढतो, म्हणून ते चालते. विगला मात्र एकच आकार असतो. ठाण्यात कॉस्प्ले करणाऱ्याला हे पहिल्याच विगला कळते: उष्णता सोसणारा कृत्रिम केस घ्या, मुळाशी उलटा विंचरून फुगवा, थरावर थर स्प्रे मारा, टोकांना गोंद लावा, समोरून झकास दिसेल, पण मान वळवली की तो काटा कानावर उगवल्यासारखा दिसतो. आणि इथल्या दमट हवेत कपाळाच्या कडेची पट्टी घामाने सुटायला लागते ते वेगळेच. शिवाय ॲनिमेत एक सोयीची रूढी आहे, भुवया केसांच्या वरून काढतात. कपाळावर कितीही झुलपे असोत, राग आणि आश्चर्य दिसतेच. खऱ्या झुलपांखाली भुवई गेली की नटाचा निम्मा अभिनय गेला, आणि वरच्या दिव्याने कपाळावर सावली पडली की उरलेलाही.

यावर उपाय दोनच. एक, केसांचा आकार आणि रंग दोन्ही उतरवायचे आणि ओळख पटण्यापुरती एखादी खूण ठेवायची. ‘रुरौनी केनशिन’च्या जपानी चित्रपटांनी २०१२ पासून हेच केले: भडक तांबडा रंग उतरवला, गालावरची फुलीसारखी जखम ठेवली आणि सगळा जोर तलवारबाजीवर दिला. दुसरा, खरेपणाचा नाद सोडून संपूर्ण जगच चित्रासारखे करायचे. मधोमध थांबले की फजिती. ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ (२००९) त्या मधोमध उभा आहे: जेल लावलेले केस, अमेरिकी हायस्कूल, नायक गोकूच्या नावाखाली भलताच कुणी. त्याचे पटकथाकार बेन रॅम्सी यांनी २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या उपायाचे उदाहरण म्हणजे वाचोव्स्की यांचा ‘स्पीड रेसर’ (२००८). १९६७ च्या मालिकेवर बेतलेला. कॅमेऱ्याच्या भिंगाने पुढचा माणूस स्पष्ट आणि मागचे धूसर दिसते. पारदर्शक सेलवर (सेल्युलॉइडच्या पत्र्यावर) काढलेल्या चित्रात दोन्ही स्पष्ट असतात. त्यांनी थर वेगवेगळे चित्रित करून पुढचे-मागचे सगळेच स्पष्ट ठेवले. १२ कोटी डॉलर खर्च, साडेनऊ कोटींच्याही आत गल्ला. समीक्षकांनी झोडपला. आज त्याचे चाहते वाढतच आहेत. चाहत्यांचे मत एका शनिवार-रविवारात ठरत नाही, याची नोंद आपल्या लेखात असायला हरकत नव्हती.

डोळ्यांवर सगळ्यात चांगले काम ‘अलिता: बॅटल एंजल’मध्ये (२०१९) झाले, आणि ते चाहत्यांच्या आरड्याओरड्यानंतरच झाले. युकितो किशिरो यांची मांगा, १९९३ चे दोन भागांचे ॲनिमे, निर्माता जेम्स कॅमेरॉन, दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ. डिसेंबर २०१७ मध्ये पहिला ट्रेलर आला. रोझा सालाझार यांच्या अभिनयावर चढवलेल्या त्या संगणकीय चेहऱ्याचे भलेमोठे डोळे पाहून लोक दचकले. सोपा मार्ग म्हणजे डोळे लहान करणे. संगणकीय दृश्ये करणाऱ्या वेटा कंपनीच्या मंडळींनी उलट केले: बुबुळ मोठे केले, त्यामुळे भोवतीचा पांढरा भाग कमी झाला. दचकवत होता तो डोळ्यांचा आकार नव्हे, तो पांढरा भाग. माणसाच्या डोळ्यात चहूबाजूंनी पांढरे दिसले की पाहणारा त्याला भीती किंवा वेड समजतो. कागदावर हे चालून जाते, कारण तिथे त्वचेला छिद्रे नसतात. त्वचा खरी आणि डोळा कागदी, अशी सरमिसळ झाली की बिनसते. १७ कोटी डॉलरच्या या चित्रपटाने ४० कोटींवर कमावले आणि बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून श्रेणी देणाऱ्या सिनेमास्कोअरमध्ये त्याला ‘ए उणे’ मिळाले. ‘घोस्ट इन द शेल’ला ‘बी’ होते. आपल्या लेखातले ‘रडे’ चाहते ते हेच.

नटाचा आणखी एक अडसर असतो, तो कुठल्याही मेकअपने झाकत नाही: त्याच्या आधीच्या भूमिका. रेखाटलेल्या पात्राला मागचा जन्म नसतो. जोहान्सन पडद्यावर आल्या की त्यांच्यासोबत मार्व्हलच्या चित्रपटांत त्यांनी केलेली ब्लॅक विडोही येते. हे आपल्याकडे फार पूर्वी एका जपानी माणसाने ओळखले होते. युगो साको यांनी राम मोहन यांच्या साथीने ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ केला तेव्हा, राम देव असल्याने त्याला नटाऐवजी चित्रातून दाखवणेच योग्य, अशी त्यांची भूमिका होती. २४ जानेवारी २०२५ ला तो भारतातल्या चित्रपटगृहांत नव्याने लागला तेव्हा त्याचा राम तीस वर्षांनी जुना वाटला नाही, यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

आता अजून न बनलेल्या रिमेकविषयी, कारण सगळ्यात जास्त धास्ती त्याची आहे. माकोतो शिंकाई यांचा ‘युअर नेम’ (२०१६): गावातली मित्सुहा आणि टोकियोतला ताकी यांची शरीरे अधूनमधून अदलाबदल होतात, त्याची गोष्ट. हॉलिवूड आवृत्तीची घोषणा सप्टेंबर २०१७ मध्ये झाली, निर्माते जे. जे. अब्राम्स, पटकथा एरिक हायसरर. तेव्हापासून मार्क वेब, ली आयझॅक चुंग, कार्लोस लोपेझ एस्ट्राडा अशी दिग्दर्शकांची अदलाबदल झाली आहे. मूळ हक्क असलेल्या जपानी मंडळींनाच पाश्चात्त्य नजरेची आवृत्ती हवी आहे, जपानी लाइव्ह-ॲक्शन हवा असता तर तो त्यांनी स्वतःच केला असता, असे हायसरर यांनी सांगितले होते. एका टप्प्यावर नायिका ग्रामीण भागातली मूलनिवासी अमेरिकी तरुणी आणि नायक शिकागोचा, अशी मांडणी जाहीर झाली.

यात वाईट काय? तत्त्वतः काहीच नाही. अडचण यंत्रणेची आहे. त्या गोष्टीतला देवळाचा विधी ही शोभेची वस्तू नाही, तो कथेचा खटका आहे. मित्सुहा तांदूळ चावून त्याची दारू आंबवते, ती डोंगरापलीकडच्या गुहेतल्या देवाला ठेवली जाते, आणि तीन वर्षांनी ताकी तीच दारू पिऊन तिच्या त्या दिवसात पोहोचतो. दोघांच्या काळात तीन वर्षांचे अंतर आहे हे तोवर त्याला कळलेले असते. यात तीन गोष्टी एकदम सांभाळल्या जातात: ती वस्तू तिच्या शरीरातून आलेली आहे, ती काळाबरोबर मुरते, आणि ती एका ठिकाणी अचल पडून राहते. विधी काढला तर या तिन्ही कामांना पुरी पडणारी दुसरी वस्तू शोधावी लागेल. मूलनिवासी अमेरिकी परंपरेत ती सापडेलही, पण शोधायला त्याच समाजातला लेखक खोलीत हवा. नाहीतर शेवटी जादूचे एखादे लॉकेट येईल. चाहत्यांना धास्ती आहे ती त्या लॉकेटची.

दुसरी अडचण आपत्तीची. धूमकेतूचा तुकडा पडून मित्सुहाचे इतोमोरी गाव एका रात्रीत नाहीसे होते. २०११ चा भूकंप आणि त्सुनामी यामागे होती, हे शिंकाई यांनी बोलून दाखवले आहे. जपानी प्रेक्षक त्या गावाकडे कल्पना म्हणून पाहू शकत नव्हता. इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ ची रात्र आठवली की रायगड-ठाणे पट्ट्यातल्या माणसालाही तो प्रसंग निव्वळ कल्पना वाटत नाही. अमेरिकी आवृत्तीत ही जागा कोणती आठवण घेणार, हा पटकथेआधीचा प्रश्न आहे.

‘अकिरा’चे प्रकरण याहून जुने. कात्सुहिरो ओतोमो यांचा १९८८ चा चित्रपट, ३२७ रंगछटा, संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग ओठ रेखाटलेले. वॉर्नर ब्रदर्सने लाइव्ह-ॲक्शनचे हक्क घेतले, मे २०२१ ही तारीखही एकदा लागली होती, आणि मग सगळे गुंडाळून ठेवले. चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अणुस्फोटासारख्या स्फोटाने सुरू होणारी आणि ऑलिम्पिकच्या मैदानाखाली संपत जाणारी ती गोष्ट न्यूयॉर्कला हलवून चालेल असे ज्यांना वाटले त्यांनी नुसते मोटारसायकलचे पोस्टर पाहिले असावे.

हा सगळा परदेशी हातांविषयीचा आकस आहे, असाही सूर आपल्या लेखात आहे. तो टिकत नाही. ‘अटॅक ऑन टायटन’चे २०१५ चे दोन चित्रपट पूर्णपणे जपानी होते, तेही सपाटून टीका खाऊन बसले. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ (२०१७) मध्ये युरोपी धाटणीच्या जगात सगळे जपानी नट होते, त्यावरही बोट ठेवले गेले. उलट नेटफ्लिक्सच्या ‘वन पीस’चे (२०२३) चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत झाले, नायक लुफी झाला मेक्सिकोचा नट, तरी चाहते खूश. मूळकार एइचिरो ओदा कार्यकारी निर्माते होते आणि त्यांचा होकार येईपर्यंत मालिका दाखवायची नाही असे ठरले होते. ॲनिमेच्या चाळीसहून अधिक भागांचे कथानक ८ भागांत बसवताना पुष्कळ कापले, पण कुठल्या पात्राचे दुःख कापायचे नाही हे कुणीतरी आधी ठरवले होते. जपानी डबमध्ये मूळ ॲनिमेचेच आवाज वापरले. (‘घोस्ट इन द शेल’च्या जपानी डबमध्येही मेजर आणि तिचे सहकारी बातो व तोगुसा यांना १९९५ चेच आवाज होते. जपानमध्ये त्या चित्रपटावरची प्रतिक्रिया अमेरिकेपेक्षा सौम्य असण्यामागे हेही एक कारण असावे, असे आमचे मत.)

आणि नुसते मूळ संगीत, मूळ पोशाख आणले की भागते असेही नाही. नेटफ्लिक्सच्या ‘काउबॉय बीबॉप’साठी (२०२१) मूळ ॲनिमेच्या संगीतकार योको कान्नो स्वतः परत आल्या होत्या. १९ नोव्हेंबरला मालिका आली आणि तीन आठवड्यांच्या आत पुढचा हंगाम रद्द झाला. मूळ २६ भागांत व्हिशियस हा खलनायक मोजक्याच भागांत सावलीसारखा येतो. इथे त्याला घर, बायको, बाप, संवाद सगळे दिले. सावलीवर दिवा मारला की सावली राहत नाही.

चाहत्यांची बाजू घेतो म्हणून त्यांचे सगळेच पाठीशी घालायचे नाही. ‘डेथ नोट’ (२०१७) नंतर दिग्दर्शक ॲडम विंगार्ड यांच्यावर समाजमाध्यमांवर इतका गलिच्छ मारा झाला की त्यांनी ट्विटर सोडले. कृष्णवर्णीय नटाने मूळ जपानी किंवा गोरे पात्र केले की काहींची भाषा घसरते. ती टीका नव्हे, शिवीगाळ. आणि चित्रपट लागायच्या आधीच एक तारा देऊन मोकळे होणाऱ्यांचे काय करायचे हा प्रश्न संकेतस्थळांनाही पडला. चित्रपटांचे गुणांकन जमवणाऱ्या रॉटन टोमॅटोजने फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शनाआधीची प्रेक्षक-टक्केवारी बंद केली आणि त्याच वर्षी तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. म्हणून कुठल्याही रिमेकविषयी ‘चाहते संतापले’ असे छापताना हा संताप केव्हाचा, हे सांगा. नट ठरल्याच्या बातमीवरचा राग, पहिल्या छायाचित्रावरचा राग, ट्रेलरवरचा राग आणि चित्रपट पाहून झालेला राग हे चार वेगळे राग आहेत. पहिला बऱ्याचदा शमतो. तिसऱ्याचा उपयोग होतो, अलिताच्या डोळ्यांसारखा. चौथ्याला समीक्षा म्हणतात.

आता आपल्याच शहरांपुरते. २०१९ मध्ये भारतातल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज करून, हजारो सह्या जमवून शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या चित्रपटगृहांत आणवला. ‘सुझुमे’ एप्रिल २०२३ मध्ये आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला. घोडबंदर रस्ता, वाशी, सीवूड्स इथल्या मल्टिप्लेक्समध्ये एकाच नावाचे खेळ वेगवेगळ्या भाषांत असू शकतात, आणि आपल्या दैनिकाच्या चित्रपट वेळापत्रकात नुसते नाव आणि वेळ छापलेली असते. उपशीर्षकांसह जपानी पाहायला निघालेला माणूस हिंदी डबला जाऊन बसतो, आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले आईबाप ‘चित्रांचा सिनेमा’ समजून रक्तबंबाळ लढाईला. प्रमाणपत्राचे आता यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे पोटप्रकार आहेत. तेवढे अक्षर आणि आकडा छापायला फार जागा लागत नाही.

तेव्हा दोन मागण्या. रिमेकचे परीक्षण मूळ चित्रपट पाहिलेल्या माणसाकडूनच लिहून घ्यावे; ‘घोस्ट इन द शेल’ची ८३ मिनिटे ही काही मोठी पूर्वतयारी नव्हे. आणि वेळापत्रकात प्रत्येक खेळापुढे भाषा, उपशीर्षके आणि प्रमाणपत्र द्यावे. उदाहरणार्थ: जपानी, इंग्रजी उपशीर्षके, यूए १६+, रात्री ९.४५.

आपले,
ॲनिमेशन व संकलनाच्या कामातील काही वाचक
नौपाडा, ठाणे आणि वाशी, नवी मुंबई